वरचं पातं

पेल्की, मिशिगन
६ ऑक्टोबर

प्रिय ड्वेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच चुलीत टाकलं असशील, तर मी आता कुणाशी बोलतोय कोण जाणे. फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच. पत्ता तुझ्या मामेबहिणीकडून घेतला. कशाला हवा, असं तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

काम एवढंच की तुझं धनुष्य मोडलं. शेडमधल्या खुंटीवर टांगून गेला होतास ते, दोन्ही टोकांना चाकं असलेलं, काळपट हिरवं. मुठीच्या वरचं, वाकणारं पातं फुटलं. खालचं जसंच्या तसं आहे. फुटलं तेही लाकूड मोडतं तसं नाही. आतले काचेचे तंतू सुटून जुन्या झाडूसारखे पिंजारले आहेत. दोरी चाकांवरून उतरली, तारा एकमेकींत अडकल्या, आणि आता ते सगळं जाळ्यात सापडलेल्या बगळ्यासारखं दिसतं. मी ते होतं तसंच वर्तमानपत्रावर ठेवलं आहे.

कंपनीला फोन केला. फोनवरची पोरगी गोड बोलत होती. म्हणाली, ‘पात्यांची हमी जन्मभराची आहे, आजोबा, पण पहिल्या मालकानेच बोलायला हवं.’ मी म्हटलं, पहिला मालक आयडाहोत आहे. ती म्हणाली, ‘मग त्यांना सांगा ना.’ जसं काही तू शेजारच्या खोलीत बसला आहेस. म्हणून सांगतोय.

पण ड्वेन, नवी पाती मिळोत नाही तर न मिळोत, माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. ते फुटलंच का? ताण जास्त होता का? जाण्यापूर्वी तू पात्यांचे स्क्रू आवळले होतेस का? कधी बाण न लावता दोरी सुटली होती का? तुला ठाऊकच आहे, बाणाने न्यायचा जोर अशा वेळी पात्यांनाच खावा लागतो. तूच मला हे शिकवलंस. मी आयुष्यभर लाकडाचे ओंडके वाहिले आणि बंदुकीने हरणं मारली. या चाकांच्या यंत्रातलं जे कळतं ते तुझ्याकडूनच.

ऑगस्टमध्ये मी दोन्ही पात्यांवरून कापूस फिरवला होता, तू फिरवायचास तसा, वरून, खालून, कडांवरून. कुठे तडा असता तर कापसाचा धागा तरी अडकला असता. काही अडकलं नाही. मग?

कुणाला फारसं लागलं नाही.

तुझा,
ओन्नी

ता. क. जावईबापू म्हणायची सवय गेलेली नाही. वर एकदा लिहिलं होतं, ते खोडलं.


१९ ऑक्टोबर

ड्वेन,

मी दोन पानं लिहिली आणि तू एक ओळ. ‘हातात कुणाच्या होतं?’

ऐलाच्या.

मागच्या पत्रातच लिहायचं होतं. लिहायला बसलो तेव्हा ती समोरच्या खोलीत डोळ्यावर पट्टी बांधून उशांना टेकून बसली होती आणि रेडिओ ऐकत होती. ती समोर असताना तिच्याबद्दल तुला लिहिणं मला चोरी केल्यासारखं वाटलं. तसं तर सगळं पत्रच चोरून लिहिलं होतं. निवृत्तीवेतनाच्या कचेरीला लिहितोय म्हणून सांगितलं. ‘कचेरीला एवढं हसत कुणी लिहितं का, बाबा?’ असं ती म्हणाली. मी हसत होतो, हे मला माहीत नव्हतं.

झालं ते असं. रविवारी चर्चमधून आलो, कॉफी झाली, आणि ती अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरायला गेली. धनुष्याच्या शिकारीचा हंगाम नुकताच लागला होता. मी पायरीवर बसून बटाटे सोलत होतो. तिने काही बाण मारले, छान मारले. पुढचा लावला, दोरी ताणली, शेवटी चाकं फिरून वजन हातावरून उतरतं तिथपर्यंत आणली आणि थांबली. तुला तिचं थांबणं आठवत असेल. आपला श्वास कोंडतो पण ती सोडत नाही. आणि तेवढ्यात आवाज झाला. बंदुकीसारखा नाही. थंडीत तळ्यावरचा बर्फ तडकतो ना, तसा. मला वाटलं झाडाची फांदी पडली. मी वर बघितलं, खरंच वर बघितलं, झाडाकडे. खाली बघितलं तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि हातमोजा उजव्या डोळ्यावर दाबून धरलेला.

‘बाबा, धनुष्य कुठे पडलं?’ हे तिचं पहिलं वाक्य.

मार्क्वेटच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पात्याचा तुकडा भुवईच्या खाली लागला. डोळ्यात रक्त साचलं आहे, ते उतरेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात. डोकं उंच ठेवायचं, वाकायचं नाही, शाळेची बस चालवायची नाही. दंडावर तारेचा वळ आहे, तो निळ्याचा आता पिवळा झाला.

लेस्टर सूप घेऊन आला होता. त्याच्या दुकानात धनुष्यं दाबून धरायचं यंत्र आहे म्हणून तो आता स्वतःला डॉक्टर समजतो. म्हणाला, ‘उन्हाने झालं. बंद गाडीत ठेवलं असणार. आतला गोंद सुटतो.’ मी म्हटलं, ही आपली पेल्की आहे, इथे ऊन कुठून आणू? ‘जुलैत एक दिवस पडलं होतं की,’ म्हणाला. ऐला हसली. हसताना डोळा दुखला म्हणून त्याच्यावर ओरडली.

आता तुला सगळं माहीत झालं. मी विचारलं होतं त्यातल्या एकाचंही उत्तर तू दिलेलं नाहीस.

ओन्नी


१ नोव्हेंबर

ड्वेन,

उत्तर आलं नाही तरी लिहितोय, कारण काहीतरी सापडलं.

काल तुटलेलं पातं खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं. हादरे कमी व्हावेत म्हणून पात्यावर चिकटवलेलं रबराचं बोंड तुला आठवतं ना? फूट बरोबर त्याच्या खालून सुरू होते. रबर मी कधी काढलंच नव्हतं. कापूस त्याच्या भोवतीने फिरवला होता. रबर सोलून काढलं तर तुटलेल्या भागाला दोन रंग. बराचसा पांढरा, ताजा, टोचणारा. आणि कडेचा एक पट्टा राखाडी, मळकट, बोटाला गुळगुळीत लागणारा. म्हणजे तो तडा जुना होता. आत धूळ गेली, तेल गेलं, पाणी गेलं. ते पातं कधीचं अर्धं मेलेलं होतं आणि आम्ही त्याच्यावर ताण देत होतो.

लेस्टरला दाखवलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला. ‘हा उन्हाचा नाही, ओन्नी,’ म्हणाला. ‘हे कुणीतरी रिकामं सोडलंय.’

‘कुणी?’

‘मला काय विचारतोस? ज्याचं होतं त्याला विचार.’

म्हणून विचारतो. तू ते रिकामं सोडलं होतंस का? आणि सोडलं असशील तर तडा गेलाय हे ठाऊक असून खुंटीवर टांगून गेलास का? तुझी बाकीची हत्यारं, दुर्बिणी, बूट, झाडावर चढायची शिडीसुद्धा नेलीस. हेच एक का ठेवलंस? तेव्हा आम्हाला वाटलं, ऐलासाठी ठेवलं. तुझी सासू, माझी हेलमी, असती तर तिने मला हे लिहू दिलं नसतं. ती तुला माझ्याहून जास्त ओळखायची. पण ती नाही, आणि मी रोज सकाळी माझ्या मुलीच्या डोळ्यात औषध घालतो. घालताना नको ते सुचतं.

तू मुद्दाम ठेवलंस असं मला वाटतं, असं नाही. असं वाटावंसं मला वाटत नाही. पण पातं समोर आहे.

ओन्नी


९ नोव्हेंबर

ड्वेन,

तुझं पत्र काल आलं. पेटीतून ऐलानेच आणलं. एका डोळ्याने तिने तुझं अक्षर बरोबर ओळखलं. पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, ‘कचेरीचं उत्तर आलंय.’ मग उभीच राहिली. मला मोठ्याने वाचावं लागलं.

तू लिहितोस, तुझ्याच हातून झालं. तुझ्या इथल्या शेवटच्या हंगामात रानातल्या खोपटापाशी, थंडीने बोटं बधिर झालेली, बाण दोरीवरून निसटून खाली पडला आणि तुला कळलंच नाही. तू सोडलंस. धनुष्य हातात किंचाळलं. नंतर सगळीकडून तपासलंस, काही दिसलं नाही, आणि लाजेने कुणाला सांगितलं नाहीस. तडा माहीत असता तर तिथल्या तिथे कुऱ्हाडीने तोडलं असतंस, असंही लिहिलंस. माझ्या मागच्या पत्रातलं ते वाक्य परत घेतो. परत घेता येत असेल तर.

पण ऐका, म्हणजे ऐक, पुढचं ऐक. ऐला ते ऐकून खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘खोटं बोलतोय.’

मी म्हटलं, माणूस स्वतःवर घेतोय, त्यात खोटं काय बोलेल?

‘मी सोडलं होतं, बाबा. तो गेला त्या आठवड्यात. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. शेडमध्ये गेले, खुंटीवरून काढलं, ताणलं आणि रिकामं सोडलं. मुद्दाम.’

‘का?’

‘मोडायचं होतं. मोडल्याचा आवाज ऐकायचा होता.’

‘मग?’

‘मोडलं नाही ना! हातातून मुंग्या गेल्या, दोरी गुणगुणली, पण सगळं जागच्या जागी. मला इतका राग आला. मग वाटलं, एवढं सोसलं म्हणजे आता हे काहीही सोसेल. तेव्हापासून तेच वापरायला लागले.’

मी म्हटलं, दोघांनी सोडलं असेल तर तडा कुणाचा? तर ती माझ्यावरच चिडली. ‘माझा! त्याला लिहा. त्याचं काय म्हणणं आहे, स्वतःवर घेऊन मोठा होणार का? प्रत्येक वेळी असंच. घर सोडलं तेही स्वतःची चूक म्हणून सोडलं. मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही!’

लिहितोय तिने सांगितलं तसं. तडा तिचा आहे. लेस्टरला विचारलं तर तो म्हणतो, ‘पात्याला जाऊन विचार,’ आणि वर म्हणतो की उन्हाचंही थोडं असू शकेल. जुलैत मी ते ट्रकमध्ये काचेखाली ठेवून जांभळी बोरं वेचायला गेलो होतो, हे मला परवा आठवलं. म्हणजे आता तिघं झाले. माझं डोकं चालत नाही, ड्वेन. जे दोघं एका टेबलाशी बसू शकले नाहीत, ते एका तड्यासाठी भांडताहेत. मी मध्ये उभा. कुणाची समजूत घालायची?

ओन्नी


१७ नोव्हेंबर

ड्वेन,

बंदुकीचा हंगाम लागला. गाव रिकामं आहे, सगळे रानात. मी गेलो नाही.

डॉक्टरांनी पट्टी काढली. रक्त उतरलं. डोळा आहे, उजेड दिसतो, कडेकडेचं दिसतं, पण मधोमध धुकं. ते जाणार नाही म्हणाले. ऐलाने विचारलं, ‘म्हणजे मी तुमच्याकडे बघितलं की तुमचे कान दिसणार?’ डॉक्टर हसले नाहीत. गाडीत ती एकदाच बोलली, ‘बस चालवता येईल ना मला?’ मी म्हटलं, येईल. मला काय ठाऊक येईल की नाही?

आता तुझ्या पत्राचं. कंपनीशी बोललास, नवी पाती आली, आणि ती टपालाने न पाठवता स्वतः घेऊन येणार म्हणतोस. ऐलाने सांगितलं आहे, येऊ नकोस असं लिहा. लिहिलं. मी म्हणतो, ये. तेही लिहिलं.

एक गोष्ट मात्र तुला तिथेच कळलेली बरी. ते धनुष्य उजव्या डोळ्याच्या माणसाचं आहे. पाती नवी बसली तरी ती ते आता वापरू शकत नाही. तिला यापुढे डाव्या डोळ्याने नेम धरायचा, म्हणजे डाव्या हाताने ताणायचं, म्हणजे सगळं उलटं. हे तिला मी अजून बोललो नाही. ती माझ्याआधीच समजून बसली असेल. मला या घरात सगळं शेवटी कळतं.

रस्त्यावर बर्फ आहे. टायरला बांधायच्या साखळ्या घेऊन ये. येणार असशील तर.

ओन्नी


५ डिसेंबर

प्रिय ड्वेन,

पोचलास का? डकोटाकडे वादळ होतं म्हणून रेडिओवर सांगत होते.

तू आलास, जेवलास, गेलास. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं, तरी काय झालं ते मला सांगता येणार नाही. ऐला तुला ‘ये’ म्हणाली नाही, पण तुझ्या आवडीच्या मांसाच्या करंज्या तिने आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या, सलगम जास्त घालून. वर मला दम दिला, ‘त्याला सांगा, या लेस्टरच्या बायकोने दिल्या.’ मी सांगितलं. लेस्टरच्या बायकोला साधं अंडं उकडता येत नाही, हे तुला माहीत आहे. तू चाटूनपुसून खाल्लंस आणि म्हणालास, ‘त्यांना माझा निरोप सांगा, मीठ बरोबर पडलंय.’ स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. ते रागाने आपटलं की कसं, ते मी अजून ठरवतोय.

मग लेस्टरकडे जाऊन पाती बसवून आणलीस, आणि आपण अंगणात उभे राहिलो. तू बाण लावलास आणि तुझा हात थांबला. मी तुला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात ती कोट न घालताच बाहेर आली आणि म्हणाली, ‘ताण.’

तू म्हणालास, ‘ऐला, तू आत जा. नवीन आहे, अजून ताणून बघितलेलं नाही.’

‘मी इथेच उभी राहते. ताण तू.’

तू पाठमोरा होतास, म्हणून तुला दिसलं नाही. तू ताणायला लागलास आणि तिने माझी बाही धरली. बाहीच्या आतला हातसुद्धा, घट्ट, नखं लागेपर्यंत. शेवटी वजन उतरलं, तू थांबलास, आणि तिचे ओठ हलत होते. लहानपणी जेवणाआधी प्रार्थना म्हणताना हलायचे तसे. बाण गठ्ठ्यात गेला. तिने बाही सोडली आणि एकदम कोरड्या आवाजात म्हणाली, ‘चांगलं झालं. घेऊन जा ते.’

‘मी तुझ्यासाठी आणलं होतं,’ तू म्हणालास.

‘मला ते आता उलटं आहे.’

बस, एवढंच. तू मान हलवलीस, धनुष्य गाडीत ठेवलंस, माझ्याशी हात मिळवलास. मला वाटलं होतं कुणीतरी रडेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर तडा कुणाचा यावरून पुन्हा सुरू होईल. मी तयारीत होतो. कुणी तड्याचं नावही काढलं नाही. तुमच्यात ते मिटलं का? केव्हा मिटलं? मी तर तिथेच होतो.

तू गेल्यानंतरचं सांगतो. ती तशीच बर्फात उभी राहिली. मी कोट नेऊन खांद्यावर टाकला. ती गठ्ठ्याकडे गेली, एक हात पुढे धरून, कारण अंतराचा अंदाज अजून चुकतो. तुझा बाण उपटला. टोक पुसलं. घरात आणून तो उभा कुठे ठेवावा हे तिला कळेना. दोन-तीन जागा बदलल्या आणि शेवटी माझ्या हातात दिला. ‘तुम्हीच ठेवा कुठेतरी,’ म्हणाली. मी कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. विचारलं नाही.

परवा लेस्टरकडून डाव्या हाताचं एक धनुष्य उसनं आणलं तिने, अगदी हलक्या ताणाचं. शाळेतली पोरं शिकतात तसलं. लेस्टर म्हणाला, ‘ऐला, याने ससासुद्धा हसेल.’ ती म्हणाली, ‘हसू दे. हसताना उभा राहील.’ रोज दुपारी अंगणात जाते. आधी दोन्ही पात्यांवरून कापूस फिरवते, रबर काढून. मग ताणते. हात कापतात, बाण कुठल्या कुठे जातो. काल एक शेडच्या भिंतीत घुसला. शिव्या ऐकून शेजारच्यांचं कुत्रं आत पळालं. पहिल्यांदा हातात धनुष्य धरलं तेव्हाही ती अशाच शिव्या द्यायची, आणि तू मागे उभा राहून तिचं कोपर दोन बोटांनी वर उचलायचास, ते मी याच पायरीवर बसून बघितलेलं आहे.

हे पत्र लिहितोय तर ती आत्ताच आत आली. गाल लाल, नाक वाहतंय, चिडलेली. माझ्या खांद्यावरून बघितलं. मी कागद झाकला नाही.

‘त्यालाच लिहिताय?’

‘हो.’

हातमोजे काढून चुलीवर वाळत घातले. कॉफी ओतून घेतली. अर्धी प्यायली. मग माझ्याकडे पाठ करून, खिडकीतून बघत म्हणाली, ‘विचारा त्याला. डाव्या हाताने ताणते तेव्हा शेवटी खांदा वर चढतो. खाली कसा ठेवायचा?’

मी विचारतोय. उत्तर मला पाठवायचं की तिला, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारायला गेलो तर ती पुन्हा बाहेर गेली होती.

ओन्नी